‘ल.’ म्हणजे काय? नागपुरातल्या एका महिला हॉकी क्लबचा इतिहास जुळवताना

हे प्रकरण खरं आहे, पण क्लबचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगते: नव्वदच्या दशकात मी याच क्लबची गोलकीपर होते. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातल्या एका मुरमाच्या मैदानावर सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुली हॉकी खेळू लागल्या. सदर आणि मोहननगरकडच्या ख्रिस्ती मुली, रेल्वे क्वार्टरमधल्या तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या, महाल-इतवारीतून सायकलने येणाऱ्या मराठी, आणि कामठीहून बसने येणाऱ्या दोघी-तिघी. शिकवणाऱ्या बाई एका शाळेत पीटीच्या शिक्षिका होत्या. पावसाळ्यात मुरमाखालची काळी माती वर यायची आणि बुटाला किलो-किलो चिकटायची. मे महिन्यात त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. त्यामुळे खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की बंदोबस्ताच्या पोलिसांचा मुक्काम मैदानात पडायचा आणि सराव बाजूच्या गल्लीत व्हायचा.

तो काळ महिला हॉकीसाठी सुरुवातीचाच होता. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा आली ती 1980 ला, मॉस्कोत. सहा संघ होते आणि भारत चौथा आला. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकीचा समावेश झाला आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. हे इथं सांगायचं कारण पुढे येईल.

क्लबची रीतसर नोंदणी झाली ती मात्र ऐंशीच्या दशकात. बाहेरगावच्या स्पर्धांना प्रवेश हवा तर नोंदणीकृत संस्था लागते, असं कोणीतरी सांगितलं म्हणून. सोसायटी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. सात सह्या झाल्या: चौघींचे वडील, एकीचा मोठा भाऊ, एकीची आई आणि बाई. खेळणाऱ्या मुलींपैकी एकीचीही सही नाही. त्यात कोणाचा कट नव्हता. मुली सरावाला गेल्या होत्या आणि अर्ज कोणाच्या तरी बैठकीत चहा पिताना भरला गेला. पण कागदावर एका महिला क्लबचे संस्थापक पाच पुरुष आणि दोन बाया झाले, आणि पहिल्या अध्यक्षांचं नाव पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लेटरहेडवर ‘संस्थापक’ म्हणून छापलं गेलं.

अडचण

एका देणगीदारानं निरोप पाठवला: सुवर्णमहोत्सव असेल तर कार्यक्रमाचा खर्च आणि मुलींना नव्या स्टिका, गोलकीपरचं किट, सगळं आमच्याकडून. अट एवढीच की संस्था पन्नास वर्षांची असल्याचा काही पुरावा द्या, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब द्या आणि सध्याच्या कार्यकारिणीची धर्मादाय कार्यालयातली नोंद द्या. मुदत तीन महिने.

नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे क्लब पन्नासचा नव्हताच, पन्नाशीला बरीच वर्षं बाकी होती. जुन्या खेळाडू मात्र ठामपणे सांगत होत्या की पन्नास झाली, उलट एखादं वर्ष वरच असेल. कार्यकारिणीनं इतिहास जुळवायचं काम माझ्यावर टाकलं. मी बँकेत असते, कागद वाचायची सवय आहे, एवढंच माझं भांडवल.

पेटी

बाई वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या भाचीकडे एक पत्र्याची पेटी होती. वर गोधड्या, खाली वह्या. तीन हजेरीपट, एक इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकाची अर्धुकं, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकून बसलेले फोटो. फोटो सोडवायला गेलो तर फाटत होते, म्हणून अल्बमसकट मोबाइलवर टिपून घेतले. एकाही फोटोत बाई नाहीत. जुन्या खेळाडूंतल्या सगळ्यात मोठ्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “कशा राहतील जी? कॅमेरा त्यांचाच होता न.”

पहिल्या हजेरीपटाचं मुखपृष्ठ कसरीनं खाल्लेलं. वर्ष गेलेलं, पण आत वार आणि तारीख होती: सोमवार, 10 नोव्हेंबर. ही जोडी जुळते अशी वर्षं कॅलेंडरवरून काढली: 1969, 1975, 1980, 1986. 1969 ला बाई नागपुरात आल्याच नव्हत्या. 1986 तर नोंदणीच्या नंतरचं, आणि नोंदणीपासूनच्या वह्या वेगळ्या आहेत. उरली 1975 आणि 1980. इथं माणसांच्या आठवणी लागल्या.

तुम्ही खेळायला कधी लागलात, असं विचारलं की कोणीही वर्ष सांगत नाही, आणि सांगितलंच तर ते चुकीचं निघतं. म्हणून आम्ही दुसऱ्याच गोष्टी विचारल्या. मॅट्रिक कोणत्या पॅटर्नची? जुनी अकरावी जाऊन दहावीची परीक्षा आली ती 1975 ला. हजेरीपटातल्या पहिल्याच पानावरच्या दोघी जुन्या अकरावीच्या शेवटच्या बॅचच्या निघाल्या, आणि दोघींनाही पक्कं आठवत होतं की मॅट्रिकच्या निकालानंतरच्या हिवाळ्यात बाईंनी स्टिक हातात दिली. आणीबाणी चालू होती, एकीचे काका आत होते, म्हणून तिला संध्याकाळी घराबाहेर सोडायला आजी तयार नव्हती. वर्ष 1975 ठरलं.

एशियाडची खूणही वापरून पाहिली. ती मजेशीरपणे फसली. 1982 च्या अंतिम सामन्यात आपले पुरुष पाकिस्तानकडून 7-1 नं हरले, ते प्रत्येकीला आठवत होतं, कुणाच्या घरी टीव्ही पाहिला तेसुद्धा. त्याच स्पर्धेत मुलींनी सुवर्ण जिंकलं, हे विचारलेल्या आठपैकी दोघींनाच आठवलं. आणि या आठही जणी हॉकी खेळणाऱ्या!

आता ‘ल.’. हजेरीपटात हजर असेल तर बरोबरची खूण, गैरहजर असेल तर ‘गै’. पण मध्येच एखाद्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘ल.’ असं लिहिलेलं, आणि तिथून पुढे त्या ओळीवर पट्टीनं मारलेली सरळ रेघ, महिन्याच्या शेवटापर्यंत. मी समजले ‘लेट’. आठवडाभर त्याच समजुतीत होते. मोठ्या ताई हसल्या. “लेट आलेल्यांना बाई मैदानाचे दोन राउंड मारायला लावत. लिहून कायले ठेवतील? ल म्हणजे लग्न.”

मग मी वह्या पुन्हा पहिल्यापासून चाळल्या. एकेका हंगामात चार, पाच, एकदा सात. फेब्रुवारीच्या पानांनंतर सर्वात जास्त, कारण लग्नसराई उन्हाळ्यात. संघ दर जूनला फुटायचा आणि बाई दर ऑक्टोबरला तो नव्यानं बांधायच्या. इतिवृत्ताच्या वहीत मात्र याबद्दल चकार शब्द नाही. तिथे ‘खेळाडूंची कमतरता भासत आहे’ एवढंच.

पर्याय आणि त्यावरचे वाद

पहिला वाद वर्षाचा. खजिनदारांचं म्हणणं: प्रमाणपत्रावरचं वर्ष धरा, कोणी बोट ठेवू शकत नाही. दुसरा गट म्हणाला, 1975 धरा, हजेरीपट आहे. पण त्या हजेरीपटावर क्लबचं नाव नाही, फक्त ‘हॉकी – मुली’. उद्या कोणी म्हणेल, हा शाळेचा हजेरीपट आहे. याला उत्तर वहीतच सापडलं. बाई प्रत्येक नावापुढे शाळा किंवा कॉलेज लिहीत. एकाच पानावर पाच संस्थांच्या मुली होत्या. शाळेच्या संघात असं होत नाही. तरीही माझं मत असं होतं की ‘स्थापना’ हा शब्दच टाळावा. ‘खेळ सुरू 1975’ आणि ‘नोंदणी’ असं दोन्ही छापावं. तसंच ठरलं.

दुसरा वाद नावांचा, आणि तो वर्षापेक्षा खूप अवघड निघाला. हजेरीपटात माहेरची नावं आहेत. लग्नानंतर आडनाव तर बदललंच, काहींचं पहिलं नावही बदललं, ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहितात तसं. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव अंक पाहिले तर तिथे ‘कु. पाटील हिने दोन गोल केले’. पाटील तीन होत्या. म्हणजे एका बाजूला नुसतं आडनाव आणि दुसऱ्या बाजूला ते आडनाव उरलेलंच नाही. मुलांच्या क्लबचा इतिहास लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही. त्याचा सेंटर फॉरवर्ड साठ वर्षांनीही त्याच नावाचा असतो आणि बहुतेक वेळा त्याच घरात राहतो.

यादी कशी छापायची? फक्त माहेरची नावं छापली तर आजच्या ओळखीत कोणी सापडणार नाही. फक्त सासरची छापली तर त्या वेळच्या प्रमाणपत्रांशी मेळ बसत नाही. दोन्ही छापली तर ज्यांना ते नको आहे त्यांचं काय? असं कोणाला नको असेल हे आधी आम्हाला सुचलंच नव्हतं. लेफ्ट हाफच्या जागी खेळणाऱ्या एकीचा फोन लागला, छान बोलल्या, सगळं आठवत होतं, आणि शेवटी म्हणाल्या, “नाव नका टाकू, ताई. ते नाव त्या घरीच राहिलं. आता कोणी त्या नावानं हाक मारली तर मी वळूनबी पाहत नाही.”

तिसरा वाद पैशांचा. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्टाचा, म्हणजे कार्यकारिणीची नावं असलेल्या तिथल्या नोंदीचा, उतारा काढला तर त्यात अजून मूळ सात नावंच होती. त्यातले चार जण हयात नाहीत. निवडणुका होत होत्या, ठराव वहीत होते, पण बदल अर्ज कोणी दाखलच केलेला नव्हता. कायद्याप्रमाणे कार्यकारिणीत बदल झाला की 90 दिवसांत तो कळवायचा असतो. आमच्याकडे वीस वर्षांचे बदल साचलेले. कागदोपत्री आम्ही कोणीच नव्हतो. एका सदस्यानं तोड सुचवली: देणगी सध्या माझ्या खात्यात घेऊ, कागद झाले की क्लबकडे वळती करू. माणूस सरळ आहे, हेतूही वाईट नव्हता. तरी आम्ही नाही म्हटलं. बँकेत असल्यामुळे अशा ‘सध्या’चं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

केलं काय

वकिलांकडून विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज दाखल केले, एकामागे एक, जुन्या निवडणुकीपासून क्रमानं. देणगीदाराला खरं काय ते लिहून कळवलं आणि मुदत वाढवून मागितली. ती मिळाली नाही. त्यांचाही दोष नाही, त्यांनाही आर्थिक वर्षाच्या आत हिशोब द्यायचा होता.

इतिहासाचं काम मात्र चालू ठेवलं. हजेरीपटातलं प्रत्येक नाव एका वहीत ओळीनं लिहिलं: माहेरचं नाव, शाळा, पहिली तारीख, शेवटची तारीख, ‘ल.’ असेल तर ते. मग मोठ्या ताई आणि आणखी दोघींना बसवून विचारत गेलो, ही कोणत्या गावी दिली? जबलपूर, गोंदिया, बिलासपूर, एक थेट मस्कतला. मुलीला कुठे ‘दिली’ ते सगळ्यांना आठवतं, पोझिशन आठवत नाही. मग गावावरून फोन नंबर, नंबरवरून आणखी एक नंबर.

यात मी एक घोळ घातला. उत्साहाच्या भरात हजेरीपटाच्या एका पानाचा फोटो क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘ओळखा पाहू’ असं वर लिहून. अर्ध्या तासात तो ग्रुपच्या बाहेर गेला. त्या पानावर एकीच्या नावापुढे ‘ल.’ होतं आणि पुढच्याच हंगामात तिचं नाव पुन्हा हजेरीत, माहेरच्याच आडनावानं. ते लग्न टिकलं नव्हतं. बाईंनी दुसऱ्यांदा नाव घेताना काहीही शेरा मारलेला नाही, नुसतं नाव लिहून खूण केलेली. जे बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी जपलं ते मी अर्ध्या तासात घालवलं. त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, “आता माह्या वयाले काय फरक पडते?” पण त्या कार्यक्रमाला आल्या नाहीत.

त्यानंतर नियम केला: फोन करून विचारल्याशिवाय एकही नाव छापायचं नाही. जी ‘हो’ म्हणेल तिनं सांगितलेल्या रूपातच छापायचं, मग ते माहेरचं असो, सासरचं असो की दोन्ही. जी ‘नाही’ म्हणेल तिची जागा रिकामी ठेवायची नाही, पोझिशन लिहायची. जी सापडली नाही तिचं फक्त पहिलं नाव. एक वयस्कर सदस्य म्हणाले, एवढं कशाला, मतदार यादी आहे का? मला वाटतं, हा आमचा सर्वात बरोबर निर्णय होता, आणि तो चूक केल्यानंतर सुचला.

परिणाम

कार्यक्रम जानेवारीत झाला, हॉल वगैरे नाही, मैदानावरच. वर्गणी काढली. तर्री पोहे, चहा आणि संत्री. साठी ओलांडलेल्या अकरा जणी आल्या. दोघींनी सध्याच्या मुलींची स्टिक हातात घेऊन पाहिली आणि दोघींचा पहिला प्रश्न एकच होता: एवढी हलकी? त्यांच्या वेळी तुतीच्या लाकडाच्या असायच्या, मोडली की सुतारानं सरस लावून दोरा गुंडाळून द्यायची. एकीनं विचारलं, ऑफसाइडचा नियम काढून टाकला म्हणतात ते खरं का? नव्वदच्या दशकातच गेला, असं सांगितल्यावर म्हणाल्या, मग माझे निम्मे गोल परत द्या.

स्मरणिका 48 पानांची निघाली. पहिल्या तीन हजेरीपटांतल्या 61 नावांपैकी 44 जणींचा पत्ता लागला, 17 जणींचा नाही. पहिल्या पानावर बाईंचं नाव, ‘सुरुवात’ या शब्दाखाली. मूळ सात जणांची नावं ‘नोंदणीचे सह्याधारी’ म्हणून.

इथं दुखावलं ते पहिल्या अध्यक्षांचं कुटुंब. त्यांच्या मुलानं प्रूफ पाहिलं आणि विचारलं, माझ्या वडिलांचं ‘संस्थापक’ कोणी काढलं? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वडिलांनी खिशातून पैसे घातले होते, रेल्वेतून पास काढून दिले होते, मुलींच्या घरी जाऊन ‘माझी मुलगीही येते, तुमची पाठवा’ असं सांगितलं होतं. शेवटचं तर फार मोठं काम. ते इतिवृत्तात कुठेही नव्हतं, मुलाच्या तोंडूनच आम्हाला कळलं. शेवटच्या क्षणी अर्धं पान वाढवून ते घेतलं, ‘संस्थापक’ शब्द मात्र परत आणला नाही. मुलगा कार्यक्रमाला आला, बोलला नाही.

नव्वदच्या दशकात क्लब फुटून काही जणींचा वेगळा क्लब झाला, ती फूट दोन पानांत आली. तारीख पक्की करता आली, कारण गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली ते 23 नोव्हेंबर 1994 ला, आणि फुटीची बैठक त्या आठवड्यात रद्द होऊन पुढे ढकलली होती हे दोन-तीन जणींना नीट आठवत होतं. पण फुटून गेलेल्या क्लबनं लिहून द्यायला नकार दिला, त्यामुळे आलेली बाजू आमचीच आहे. तसं तिथे एका ओळीत लिहिलं आहे, तरी वाचताना ते पान मला लंगडं वाटतं.

बदल अर्जांपैकी पहिले दोन मंजूर झाले, बाकीच्यांच्या तारखा चालू आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

बदल अर्ज. इतिहासाआधी, देणगीआधी, सगळ्याआधी. तुमच्या क्लबच्या निवडणुका होत असतील तर आजच परिशिष्टाचा उतारा काढून पाहा, त्यात कोणाची नावं आहेत ते. बहुतेकांना धक्का बसेल.

अध्यक्षांच्या मुलाकडे प्रूफ घेऊन गेलो, त्याऐवजी कोरी वही घेऊन जायला हवं होतं. कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांनी काहीच केलं नाही, असं आम्ही मनात धरूनच निघालो होतो. सह्या पुरुषांच्या आहेत याचा राग माझ्याच डोक्यात होता, हे कबूल करते. मुलींची नावं शोधायला जेवढे फोन केले त्याच्या एक दशांशही या सात घरांत केले नाहीत.

फुटून गेलेल्या क्लबला पत्र पाठवलं, ते लेटरहेडवर. त्यांच्यातल्या एकीबरोबर मी तीन हंगाम खेळले आहे. तिच्या घरी जाऊन बसले असते तर कदाचित दोन ओळी मिळाल्या असत्या. पत्राला पत्रानंच उत्तर येतं, आणि ते आलं.

देणगी गेल्याची हळहळ मला फारशी नाही, पण गोलकीपरचं किट गेल्याची आहे. सध्याची मुलगी अजून जुनेच पॅड बांधते, एकाचा पट्टा तुटलाय, तिथे ओढणीची चिंधी आहे.

हजेरीपट आता नव्या प्रशिक्षक मॅडम ठेवतात. स्मरणिकेनंतर त्यांनी शेऱ्याचा रकाना मोठा केला आहे आणि आईचा नंबर वेगळा लिहितात, कारण वडिलांचा नंबर बदलतो, असं त्यांचं निरीक्षण. परवा मी चाळून पाहिला. यंदाच्या पानांवर ‘ल.’ एकही नाही. ‘क्ला.’, म्हणजे क्लास, मात्र नऊ ठिकाणी आहे, बहुतेक ‘नीट’ परीक्षेचे, आणि पुढे तशीच सरळ रेघ.